जागेवरची वाढ

संत्र्याच्या झाडाच्या बुंध्यावर, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, एक गाठ असते. रोपवाटिकेतून रोप आणताना ती तिथे असते आणि पंचवीस-तीस वर्षांनी झाड थकून काढायला येतं तेव्हाही ती तेवढ्याच उंचीवर सापडते. मधल्या काळात डेरा पंधरा-वीस फुटांवर पोचलेला असतो, किती तरी बहार येऊन गेलेले असतात, बोटाएवढा बुंधा मांडीएवढा झालेला असतो. गाठ मात्र बोटभरही वर सरकलेली नसते. काटोल, कळमेश्वर, नरखेड, वरुड, मोर्शी, कुठल्याही बगीच्यात जावं आणि झाडापाशी वाकून पाहावं. झाड वाढतं म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला त्या गाठीइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

ही गाठ कलमाची. नागपुरी संत्र्यासाठी आधी जंबेरीचं किंवा रंगपूर लाइमचं बी टाकून रोपं तयार करतात. तो खुंट. खुंट पेन्सिलीइतका जाड झाला की त्याच्या सालीवर धारदार चाकूने टी अक्षराच्या आकाराचा काप घेतात, साल दोन्ही अंगांनी अलगद उचलतात, आणि चांगल्या संत्र्याच्या काडीवरून काढलेला एक डोळा तिच्याखाली सरकवून पट्टीने घट्ट बांधतात. डोळा भरणं म्हणतात ते हेच. डोळा लागून फुटला की खुंटाचा वरचा शेंडा छाटून टाकतात. मग खाली जन्मभर जंबेरी आणि वर जन्मभर संत्रा. गाठीखालून खुंटाची फूट आली तर ती वेळीच काढावी लागते. बारकाईने पाहिलं तर गाठीच्या खालची आणि वरची साल निराळ्या पोताची दिसते. दोघांचा जाड होण्याचा वेग सारखा नसला तर गाठीवर वळीही उठते. एकाच बुंध्यात दोन झाडं एकावर एक आपापली जाडी वाढवत राहतात, आणि त्यांच्यातली सीमा वर्षानुवर्षं जागची हलत नाही.

ती हलत नाही, कारण झाड उंच होतं ते फक्त टोकाला. पुष्कळांच्या मनात झाडाच्या वाढीचं चित्र लहान मुलाच्या वाढीसारखं असतं, पायापासून डोक्यापर्यंत सगळं एकदम लांबत जाणारं. झाडाचं तसं नाही. घराला मजले चढावेत तशी त्याची उंची वर वर चढते, आणि बांधून झालेला मजला पुन्हा लांबत नाही. प्रत्येक फांदीच्या शेंड्याला, कोवळ्या पानांच्या आत झाकलेला, विभागत राहणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला प्ररोह विभाजी ऊती म्हणतात. झाडाची सगळी उंची त्या पुंजक्याने घडवलेली. तो पुढे सरकतो आणि मागे खोड ठेवून जातो. बागेतल्या झाडावर कुणी चाकूने कोरलेलं नाव वीस वर्षांनी बघावं. अक्षरं फाकून रुंद झालेली असतात, पण ती कोरणाऱ्याच्या छातीच्या उंचीवरच असतात. वनखात्याची माणसं झाडाची गोलाई जमिनीपासून १.३७ मीटरवर, छातीच्या उंचीला मोजतात. पुढच्या खेपेला त्याच जागी टेप लावला की झाड मधल्या काळात किती भरलं ते कळतं. खोडावरची जागा हलत नाही म्हणूनच या मोजणीला अर्थ आहे.

शेंड्याची वाढ इतकी सावकाश चालते की डोळ्यांना ती दिसत नाही. जगदीशचंद्र बोस यांनी ती दिसावी म्हणून क्रेस्कोग्राफ हे यंत्र तयार केलं. तरफांच्या जोडणीने ते वाढीची हालचाल दहा हजार पटींनी मोठी करून काचेवर नोंदवायचं. खत दिलं, विष दिलं, गरम केलं, गार केलं की शेंड्याच्या चालीत काय फरक पडतो, ते क्षणात समोर यायचं. जाडीच्या वाढीला मात्र मिनिटं आणि तास पुरत नाहीत. तिचा हिशेब पावसाळ्यांत होतो.

सालीच्या लगेच आत, लाकडाच्या बाहेर, पेशींचा एक अतिशय पातळ थर सगळ्या झाडाला वेढून असतो. मुळांपासून फांद्यांपर्यंत तो अखंड असतो. ही पार्श्व विभाजी ऊती, म्हणजे कॅम्बियम. आतल्या अंगाला ती जलवाहिन्या तयार करते आणि त्यांचं लाकूड होतं. बाहेरच्या अंगाला ती रसवाहिन्या तयार करते आणि त्या सालीत जमा होतात. लाकूड साचत जातं तसा हा थर स्वतःच बाहेर ढकलला जातो, आणि वाढत्या घेराला पुरावं म्हणून स्वतःही रुंदावतो. ज्याला आपण भरभक्कम खोड म्हणतो त्यातला बहुतेक भाग मृत पेशींचा असतो. जिवंत कारभार चालतो तो सालीखालच्या या थरात आणि त्याच्या आसपास. डोळा भरणारा कारागीर साल सहज सुटते का ते आधी पाहतो, कारण साल सुटते तेव्हा हा थर कामाला लागलेला असतो. खुंटाचा थर आणि डोळ्याचा थर एकमेकांना भिडले तरच कलम जीव धरतं.

हा थर गेला की झाड गेलं. संत्र्याचा डिंक्या रोग बुंध्याची साल कुजवतो. कूज सगळ्या बाजूंनी फिरून पूर्ण वेढा पडला, तर आतलं लाकूड शाबूत असूनही झाड वाळतं, कारण पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरायला वाट उरत नाही. म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मलम बुंध्याला लावतात. विदर्भातल्या बगीच्यांत झाडामागून झाड, गाठ झाकून गुडघ्याच्याही वर गेलेले ते निळसर पट्टे दिसतात, ते या पातळ थराचं रक्षण करण्यासाठी.

लाकूड येतं कशातून, हा प्रश्न माणसाला फार जुना. बेल्जियमच्या व्हॅन हेलमॉन्टने २०० पौंड कोरडी माती कुंडीत घेतली, तीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला पाणी घातलं. झाड १६९ पौंडांवर गेलं आणि माती जेमतेम दोन औंसांनी कमी भरली. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापून आला. सगळं लाकूड पाण्यातून आलं, असा त्याने निष्कर्ष काढला. हवेचा वाटा पुढच्या पिढ्यांनी ओळखला. लाकडाचा मुख्य ऐवज कार्बन, आणि तो पानांनी हवेतून घेतलेला. नागपुरातल्या रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या घेरात कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांतून निघालेला कार्बनही मुरलेला आहे. शहराने जाळलेलं काही त्याने आपल्या अंगावर लाकूड करून ठेवलं आहे. त्या झाडाजवळून जाताना मला ही गोष्ट विसरता येत नाही.

आपल्याकडे घेराची वर्षं वाचायची तर सागाकडे जावं लागतं. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांची वलयं पुसट असतात, सागाची मात्र स्पष्ट. आपल्या भागात साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, मृगाच्या आगेमागे पालवतो, आणि पावसाळ्याच्या महिन्यांत जाडी धरतो. पावसाच्या सुरुवातीला तो मोठ्या, मोकळ्या जलवाहिन्यांची रांग घालतो, नंतर दाट, बारीक छिद्रांचं लाकूड भरतो. मग थांबतो. पुढच्या वर्षी पुन्हा मोठ्या छिद्रांची रांग. बल्लारपूरच्या डेपोत ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडावर पाणी मारून पाहिलं की या रांगा सुट्या सुट्या उमटतात. बाहेर फिकट रसकाष्ठ, आत सोनेरी तपकिरी गाभा. एक वलय चांगलं रुंद, त्याला लागून तीन-चार अरुंद, पुन्हा रुंद. अरुंद वलयांवर बोट ठेवलं की दुष्काळाच्या सालांवर बोट ठेवल्यासारखं होतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाळ्यांचा माग काढला आहे. पर्जन्यमापक नव्हते तेव्हाच्या पावसाची नोंद झाडांनी ठेवली होती. दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान आहे, आणि अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली बल्लारपूरहून सागवान गेलं. लाकडाबरोबर विदर्भाचे कितीतरी पावसाळेही तिकडे गेले आहेत.

उंची आणि जाडी यांचं नातं मी बरीच वर्षं मनात घोळवते आहे, आणि त्याची सुरुवात आमच्या मामाजींच्या बगीच्यात झाली. ते झाडांमधून पाणसोट काढत होते. पाणसोट म्हणजे जुन्या फांदीतून सरळ आभाळाकडे सुटलेली फूट. एका हंगामात ती पुरुषभर वाढते, पानं मोठी, रंग गडद, दिसायला सगळ्यांत जोमदार. फळ मात्र तिला लागत नाही, आणि झाडाचा जोर ती खाऊन टाकते. ते पाणसोट ओढून बाजूला टाकताना मामाजी म्हणाले, “टोक तं कुठूनही आणता येते बाई, बुड मात्र इथंच धरावं लागते.” ते कलमाविषयी बोलत होते. डोळा कुठल्याही चांगल्या झाडावरून आणता येतो. बुंधा त्याच मातीत, त्याच विहिरीच्या पाण्यावर, त्याच उन्हात जाड व्हावा लागतो.

त्यांचं म्हणणं मला दीक्षाभूमीवर पुन्हा आठवलं. तिथला बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापुरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या आणून लावलेला. अनुराधापुरचा वृक्ष इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेहून गेलेल्या फांदीचा, आणि ती फांदी नेली सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने, असं परंपरा सांगते. बोधगया, अनुराधापुर, नागपूर. शेंडा एकच, तोच पुढे पुढे वाढत आलेला. फांदी तोडून दुसरीकडे लावली की तिच्या डोळ्यांतली वाढ जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू होते, आणि तिच्या लेखी बावीस शतकंही एकाच वाढीचा भाग असतात. पण अनुराधापुरच्या बुंध्याचं एकही वलय नागपूरला आलं नाही. इथल्या बुंध्याला पहिल्या वलयापासून सुरुवात करावी लागली, इथल्या काळ्या मातीत, पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात, इथल्या पावसावर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी या मैदानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि लाखो माणसांनी धम्म स्वीकारला. विचार अडीच हजार वर्षांपूर्वीचा होता. तो इथल्या माणसांच्या रोजच्या जगण्यात रुजवणं, शाळा काढणं, वाचनालयं चालवणं, मुलींना शिकवणं, हे वस्त्या-वस्त्यांतल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहून केलं.

वारशाने टोक मिळतं. घेर जागेवर कमवावा लागतो. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, आणि झाडांबद्दल ते जितकं खरं वाटतं तितकंच माणसांबद्दलही.

माझ्या आईने एकाच गल्लीत बालवाडी चालवली. नोकरीतली बढती तिच्या वाट्याला आली नाही, नाव कुठे छापून आलं नाही. पण ज्या मुलींना तिने पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला लावलं, त्या पुढे आपल्या मुलींचा हात धरून त्याच दारात उभ्या राहिल्या. कुणाच्या घरी दुखणं आलं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाला शाळेच्या दाखल्याची अडचण आली, की पावलं तिच्याकडे वळायची. तिचं वजन साऱ्या गल्लीला माहीत होतं, आणि ते त्या गल्लीत वर्षामागून वर्ष राहिल्यानेच आलं होतं. आमच्या पिढीतले किती तरी जण नागपुरातून पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेले. त्यांची वाढ मला परकी वाटत नाही, शेंड्याने प्रकाशाकडे जावंच. पण शहर उभं राहतं ते मागे राहून दरवर्षी एकेक वलय चढवणाऱ्यांच्या जिवावर, आणि त्यांची मोजदाद आपण क्वचितच करतो.

जाडी धरायला झाडाला दोन गोष्टी लागतात, मोकळी जागा आणि थोडा वारा. दाटीत वाढणारं झाड उजेडासाठी वर धावतं आणि किडकिडीत राहतं. म्हणून सागाच्या रोपवनात ठरावीक वर्षांनी विरळणी करतात. काही झाडं काढून उरलेल्यांना जागा करून देतात, आणि मग त्यांची गोलाई भरते. महाराष्ट्र वनविकास महामंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या या महामंडळाच्या सागवनांमध्ये हे काम दशकानुदशकं चालत आलं आहे. वाऱ्याचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये थॉमस अँड्र्यू नाइट याने १८०३ साली सफरचंदाच्या कोवळ्या झाडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही झाडांची खोडं त्याने हलू नयेत अशी बांधली, काही मोकळी सोडली. मोकळी डोललेली खोडं जास्त जाड झाली. एका झाडाला त्याने फक्त उत्तर-दक्षिण डोलू दिलं, तर ते त्याच दिशेने अधिक भरलं. रोपाला काठीशी करकचून बांधलं की ते उंच होतं, पण काठी काढल्यावर उभं राहायला लागणारी जाडी त्याच्याजवळ नसते. काठीला बांधताना सैल दोरी बांधावी, असं जुनी माणसं सांगतात ते याचसाठी.

आणि शहरात आपण नेमकी जागाच देत नाही. नागपूरच्या धरमपेठेत एका कडुनिंबाला लहानपणी लावलेली लोखंडी जाळी तशीच राहिली आहे. मी त्याच्यापाशी बराच वेळ उभी होते. जाळीची वरची कडी आता बाहेरून दिसतच नाही. खोडाने ती गिळली आहे. कडीच्या वर आणि खाली सालीच्या जाड वळ्या एकमेकींकडे येऊन मिळाल्या आहेत, आणि त्यांच्या मधून उभ्या गजांची गंजलेली टोकं बोटभर बाहेर राहिली आहेत. कडीच्या वरच्या अंगाला खोड फुगलंय, खालच्या अंगाला दबलंय. वरून उतरणारं अन्न त्या कडीशी अडखळतं म्हणून वरचा भाग फुगतो. बाकी सगळीकडे सालीच्या भेगांच्या तळाशी नव्या वाढीची फिकट तांबूस रेघ होती, पावसाळ्यात घेर वाढला की साल उकलून ती दिसते. कडीजवळ ती रेघ नव्हती. बुंध्यापाशी सिमेंटचा रस्ता थेट खोडाला भिडवलेला. ज्याने हौसेने रोप लावलं त्याने त्याच्या उंचीचा विचार केला असेल, वरून तार जाते का तेही पाहिलं असेल. झाड जाडही होणार आहे, हे कुणाच्या मनात आलं नाही.

२०२१ साली महाराष्ट्राने शहरी भागातल्या झाडांविषयीचा १९७५ चा कायदा बदलला. पन्नास वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं. एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, असंही ठरवलं. या तरतुदीमागची जाण मला मोलाची वाटते, कारण झाडाची किंमत तिने त्याच्या वर्षांत मोजली. पण पन्नास वर्षांच्या झाडाबदली पन्नास रोपं लावली, तर मिळतात ती पन्नास टोकं. सहा-आठ फूट उंचीची रोपं रोपवाटिकेत विकत मिळतात. घेर कुठेही विकत मिळत नाही.

साधा हिशेब करून पाहावा. ३० सेंटीमीटर घेराचं एक झाड आणि ३ मीटर घेराचं दुसरं, दोघांनी यंदा सारख्याच जाडीचं वलय चढवलं, तरी दुसऱ्याच्या खोडात त्याच उंचीवर जवळजवळ दहापट लाकूड भरतं. वर फांद्यांचा पसारा मोठा, तो वेगळाच. झाड म्हातारं झालं म्हणजे त्याचं काम संपलं, हा समज इथे टिकत नाही. २०१४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जगभरच्या ४०३ जातींची झाडं तपासली होती. त्यांतल्या बहुतेक जातींत झाड जितकं मोठं, तितकं ते वर्षाला अधिक वजन धरतं, असं आढळलं. सिव्हिल लाइन्समधला एखादा जुना, पोटात पोकळी पडलेला वृक्षसुद्धा सालीखालच्या त्या पातळ थराच्या बळावर दर पावसाळ्यात आपल्या प्रचंड घेराला नवं आवरण घालत असतो. आत पोकळ झालेलं झाड पाहून ते गेलंच असं ठरवणाऱ्यांनी त्याची साल तपासावी.

म्हणून नागपूरच्या वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांना मी जाते तेव्हा माझी मागणी एकच असते. रोपाबरोबर त्याचा पुढचा घेरही कागदावर मांडा. बुंध्याभोवती किमान मीटरभर माती मोकळी ठेवा, सिमेंट तिथवर आणू नका. जाळी लावली त्याच दिवशी ती काढायचं वर्षही लिहून ठेवा, आणि त्या वर्षी कुणीतरी जाऊन ती खरंच काढा. दोरी सैल बांधा. आणि दरवर्षी मृगाआधी, छातीच्या उंचीला, त्याच जागी टेप लावून दारासमोरच्या झाडाची गोलाई वहीत टिपा. पहिली दोन-तीन वर्षं आकडे फारसे हलणार नाहीत. नंतर ते हलायला लागतील, आणि पाऊस बरा झाला की आकडाही बरा येतो हे शाळकरी मुलांना आपलं आपण कळेल. पन्नास रोपं लावायला एक सकाळ पुरते. त्यातलं एक तरी पन्नास वर्षं एका जागी उभं राहावं, यासाठी एका गल्लीने पन्नास वर्षं लक्ष ठेवावं लागतं. ते लक्ष ठेवणारी गल्ली झाडाबरोबर आपलाही घेर वाढवत असते, असं मला मनापासून वाटतं.